उद्याच्या कळ्या

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. साधं गाव होतं, आणि गावाच्या टोकाला, विहिरीच्या पलीकडे, एक इवलासा मोगऱ्याचा मळा होता. इवलासा म्हणजे केवढा, तर या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाच्या चिमण्या भुर्रकन उडायच्या. मळ्यात पत्र्याची एक खोपी होती आणि खोपीत तिघीजणी राहायच्या. आई, सगू आणि सगूच्या कडेवरची मनू. बाबा नव्हते. मनू आईच्या पोटात असतानाच ते तापानं गेले होते.

सगूचा परकर पार विटलेला होता. मूळचा रंग जांभळा होता की निळा, हे तिला आईला विचारावं लागे. पायांत वहाण नव्हती. उन्हं वर आली की काळी माती चटचट भाजायची, म्हणून ती पहाटेच मळ्यात उतरायची. मनूला कडूलिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत ठेवायची, परडी कमरेला लावायची आणि कळ्या तोडायला लागायची.

कळ्या तोडणं सोपं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. मोगऱ्याच्या एकेका फांदीवर दोन तऱ्हेच्या कळ्या असतात. एक टपोरी, दुधासारखी पांढरी, आज संध्याकाळी उमलणारी. तिला आई म्हणायची आजची. दुसरी बारीक, टोकाला हिरवट, अजून झोपेत असलेली. ती उद्याची. आजची तोडायची, उद्याचीला हात लावायचा नाही. उद्याची कळी आज तोडली, तर ती आजही उमलत नाही आणि उद्याही नाही. तशीच मिटलेली राहते आणि तपकिरी होऊन वाळते.

दुपारी मायलेकी कडूलिंबाखाली बसून केळीच्या ओल्या दोऱ्यात गजरे गुंफायच्या. उन्हं कलली की आई टोपली डोक्यावर घेऊन बाजारच्या गावाला जायची, देवळाच्या पायऱ्यांवर बसायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. मोगरा उमलतो नेमका तेव्हाच. म्हणजे मळा यांचा, पाणी यांनी घातलेलं, पण यांचा मोगरा उमलायचा दुसऱ्याच बायकांच्या केसांत. खोपीत उरायचा तो परडीला लागलेला थोडासा वास.

सगू मनानं फार चांगली पोर होती. लंगड्या साळुंकीला आपल्या भाकरीतला पापुद्रा द्यायची. विहिरीवर म्हाताऱ्या कोंडाआजीचा हंडा आधी भरायची, मग आपला. पण एक होतं. तिचं मन नेहमी दोन पावलं पुढे पळायचं. कळ्या तोडताना वाटायचं, कधी एकदा सावलीत बसते. सावलीत बसली की वाटायचं, कधी एकदा गजरे संपतात. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, मोगऱ्याचा हंगाम सरला की आई त्या दोघींना मामाच्या गावच्या श्रावणातल्या जत्रेला नेणार होती. नदीकाठी उंच लाकडी पाळणा, लाल-पिवळ्या भिंगऱ्या, गुलाबी साखरेची चिमणी. सगूला तो श्रावण हवा होता, आणि मध्ये उभे असलेले चैत्र, वैशाख, ज्येष्ठ आणि आषाढ तिच्या मुळीच कामाचे नव्हते.

अशाच एका सकाळी परडी भरत आली होती. कुंपणालगतच्या झुडपावर सगूला एक कळी दिसली. केवढी ती! करंगळीच्या टोकाएवढ्या कळ्यांमध्ये ही चांगली अंगठ्याएवढी, आणि आतून मंद चांदणं सांडावं तशी उजळलेली. सगूनं हात पुढे केला आणि कळी चक्क कुशीवर वळली. आत कुणीतरी झोपलं होतं. पाकळीतून चिमुकल्या नाकाचा शेंडा दिसत होता.

गजऱ्याला ती कळी फार शोभली असती. पण झोपलेल्याला उठवू नये, एवढं सगूला मनूमुळे चांगलं ठाऊक होतं. वर गरम वारा सुटला होता. तिनं आपल्या डोक्यावरचं ओलं फडकं काढलं, हळूच त्या कळीवर सावलीसारखं पसरलं, आणि स्वतः तशीच उघड्या डोक्यानं उन्हात राहिली.

संध्याकाळी आई बाजाराला गेल्यावर ती मनूला घेऊन कुंपणाकडे आली. फडकं बाजूला केलं, तर कळी उमलली होती आणि पाकळीवर पाय सोडून एक परी बसली होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिळमिळ पंख, मोगऱ्याचा घेरदार झगा, हिरव्या देठांच्या मोजड्या आणि केसांत दवाच्या थेंबांची बारीकशी माळ. सगू बघतच राहिली. मनूनं तर तो झगा धरायला हातच पुढे केला.

परीनं सांगितलं की ती पळपरी आहे. पळ म्हणजे वेळेचा अगदी एवढासा कण. ती सोनं देत नाही, महाल देत नाही, तिच्याजवळ तसलं काही नसतंच. मात्र एक गोष्ट तिला करता येते. कुणाला एखादा वेळ नकोसा झाला, तर तो ती घेऊन जाते.

तिनं सगूच्या तळहातावर एक बारीक कळी ठेवली. "ही कळी ओठांपाशी धरायची आणि हळूच नको म्हणायचं," ती म्हणाली. "मग तो वेळ तुला जाणवणारच नाही. तुझे हात काम करतील, तोंड हं हं म्हणेल, पण तू तिथे नसशील. काम उरकलं की मगच तू परत येशील. पण नीट ऐक, बाळ. दिलेला वेळ परत मिळत नाही. आणि हे कुणाला सांगितलंस, तर त्याच दिवशी हे देणंघेणं संपेल."

सगूनं मान डोलावली. एवढ्या सुंदर परीनं सांगितलेले नियम कोण नीट ऐकतं?

दुसऱ्या दिवशी तिनं कळी ओठांपाशी नेली आणि म्हणाली, नको. डोळ्यांची उघडझाप झाली आणि बघते तर काय, परडी काठोकाठ भरलेली, ऊन डोक्यावर आलेलं, पाठ जराशी दुखत होती इतकंच. सगूला हसूच फुटलं. तिनं दुपार दिली. मग धुणं दिलं, पाणी भरणं दिलं. मनू किरकिर करायची ती वेळ दिली, तिला थोपटून झोपवायची वेळ दिली. आई गजरे गुंफता गुंफता काहीबाही बोलत बसायची, ती वेळही दिली. दिवस कसे सरसर जायला लागले. खिशातली कळी मात्र थोडी थोडी जड होत होती, फुगत होती. सगूला वाटे, वा, ही कळी पण वाढतेय.

वैशाखात सुंदराचं लग्न ठरलं. सुंदरा तेल्यांच्या आळीतली, सगूला येता-जाता शेंगदाणे देणारी. नवरीच्या वेणीचं काम आईकडे आलं. त्या सकाळी आईला बाजारच्या गावाहून सुया आणि जरीचा दोरा आणायचा होता. निघताना तिनं सगूच्या डोक्यावर हात ठेवला.

"आजची येनी तुज्या हातची," आई म्हणाली. "मी काय बी सांगनार न्हाई. तुला समदं येतंय."

सगूला तेव्हा छान वाटलं. आई वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते छान वाटणं टिकलं. मग पुढ्यात मळा दिसला, ऊन दिसलं, एवढी मोठी वेणी दिसली, आणि हात आपोआप खिशात गेला.

ती परत आली तेव्हा वेणी तयार होऊन ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती आणि आई ती उघडून न बघताच घेऊन निघालीसुद्धा होती.

संध्याकाळी लग्न लागलं. इतर बायकांच्या डोक्यातले गजरे उमलले, मांडव घमघमला, आणि नवरीच्या डोक्यातली वेणी तशीच राहिली. हिरवट, घट्ट मिटलेली. सप्तपदी होईपर्यंत तिच्या कडा तपकिरी झाल्या. सगू नसताना तिच्या हातांनी आजच्या कळ्या रोजच्या गजऱ्यांत संपवल्या होत्या आणि मग वेणीसाठी जे हाताला लागलं ते तोडलं होतं. हातांना काय कळतं, आजचं कोणतं आणि उद्याचं कोणतं? ते बघायला डोळ्यांमागे कुणीतरी असावं लागतं.

सुंदराची आत्या फटकळ होती. तिनं भर मांडवात विचारलं, ही वेणी कुणी केली. सगू आईच्या पदराआड उभी होती. तिला वाटलं, आता आपलं नाव येणार. आई शांतपणे म्हणाली, "माज्या हातची हाय. नजर कमी झालीय माजी. माफी करा."

सगूचे कान तापले. जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं. मी केली, एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते जिभेवर आले आणि तिथेच बसून राहिले. सुंदरानं मात्र ती वाळकी वेणी काढून हळूच मांडीवर ठेवली, आणि ते बघणं सगूला आत्याच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

त्यानंतर बायका आईच्या टोपलीशी थांबेनात. गजरे तसेच परत येऊ लागले. मळ्यात पुढच्या सगळ्या फुलांचं नुकसान झालं होतं ते वेगळंच, कारण उद्याच्या कळ्या तर कालच तुटल्या होत्या. आषाढ लागला तेव्हा आईनं सगूला जवळ बसवून सांगितलं की यंदा जत्रेला जाणं जमायचं नाही. पुढच्या श्रावणात नक्की जाऊ.

पुढच्या श्रावणात. म्हणजे अख्खं वर्ष. सगू उठली आणि खोपीबाहेर आली. तिला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा, तर स्वतःचाच, म्हणून तो अधिकच बोचत होता. त्यापेक्षा हे सगळं वर्षच देऊन टाकावं. लोक काय म्हणतात ते ऐकायला नको, आईचा पडलेला चेहरा बघायला नको. डोळे मिटायचे आणि उघडायचे ते एकदम पाळण्यात बसायला. तिनं कळी बाहेर काढली. ती आता लिंबाएवढी झाली होती.

तेवढ्यात आई मनूला घेऊन दारात आली. मनू आता घरभर रांगत होती. तिला खालचे दोन दात आले होते, आणि कधी आले ते सगूला माहीत नव्हतं. आईनं तिला पुढे केलं आणि म्हणाली, जा बघू अक्काकडं.

सगूनं कळी मुठीत लपवली आणि हात पसरले. मनूनं तिच्याकडे टकमक पाहिलं. मग आपला इवलासा तळहात ओठांपाशी नेला, अगदी सगू न्यायची तस्साच, आणि हळूच, कुजबुजल्यासारखं म्हणाली, "नको."

आई आधी हसली. लेक बोलली म्हणून तिचे डोळे लकाकले. मग तिचं हसू विरलं.

"बघ की, पयला शब्द," ती म्हणाली. "आई न्हाई, अक्का न्हाई. नको. माजंच चुकलं, सगू. तुमी काय बी मागितलं की म्या नको म्हनते. बांगड्या नको, खाऊ नको, आता जत्रा बी नको. लेकराच्या कानावर दुसरं काय पडनार?"

सगूला आता तिथे उभं राहवेना. ती तडक कुंपणाकडे पळाली आणि झुडपामागे जाऊन बसली. तिची तिलाच इतकी लाज वाटली की चेहरा गुडघ्यांत घालूनही ती पुरेशी लपेना. वेणीचा दोष आईनं घेतला होता. आता या शब्दाचाही घेतला. रोज मनूला कडेवर घेऊन, तिच्या कानाशी, कळी ओठांशी धरून नको नको कोण म्हणत होतं? मनूला वाटलं असेल, अक्का आपल्यालाच म्हणते. आणि खरं सांगायचं तर ते काही फार चूकही नव्हतं.

मुठीतल्या कळीत वर्ष गेलं असतं. वर्षभरात मनू उभी राहिली असती, चालली असती, आणि प्रत्येक वेळी सगू तिथे असूनही नसती. सगूनं नाक पुसलं, उठली आणि खोपीकडे चालू लागली. कुणाला सांगितलं तर देणंघेणं संपेल, हा नियम तिला आठवत होता. तो आठवत होता म्हणूनच ती चालत होती.

तिनं आईला सगळं सांगितलं. परी, कळी, दिलेल्या सकाळी, दिलेल्या दुपारी आणि सुंदराची वेणी. सांगताना ती आईच्या पायांकडे बघत होती. आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग तिनं वेणीबद्दल नाही, वेगळंच विचारलं.

"दुपारच्याला म्या तुज्या बाच्या गोष्टी सांगत हुते. रोज. त्या बी न्हाई ऐकल्यास?"

सगूनं मान हलवली. नाही.

"तू हं हं म्हनायचीस," आई म्हणाली. एवढंच म्हणून ती चुलीकडे वळली. ती रागावली असती, दोन धपाटे घातले असते, तर सगूला बरं वाटलं असतं. आईनं तसं काही केलं नाही. तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली की परत सांगीन, पण आज नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुंदराच्या सासरी जाऊन आली. वेणी मीच केली होती, आईचा दोष नव्हता, असं तिनं त्या फटकळ आत्यासमोरच सांगितलं. योगायोगानं आत्या तिथेच मुक्कामाला होती. शब्द या वेळी जिभेवर बसून राहिले नाहीत. आत्या काही म्हणायच्या आत सुंदरानं तिच्या ओंजळीत शेंगदाणे घातले.

मग ती कुंपणाशी आली. पळपरी तिची वाटच बघत होती.

"तू सांगितलंस," परी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"सांगितलं," सगू म्हणाली आणि ती जड कळी तिच्यापुढे धरली. "परीबाई, ही घ्या. मला न्हाई पायजे."

"यात काय आहे ठाऊक आहे ना? तुझेच दिवस आहेत. ते मला तुला परत करता येणार नाहीत. पण कळी परत करणारा कुणी मला आजवर भेटला नव्हता. म्हणून एक माग. काहीही माग."

सगूच्या डोळ्यांपुढून पाळणा फिरून गेला, लाल-पिवळ्या भिंगऱ्या फिरून गेल्या. मग तिला टोपली डोक्यावर घेऊन वळणावरून दिसेनाशी होणारी आईची पाठ दिसली.

"आईनं एवढा मोगरा लावला," ती म्हणाली, "पन उमलताना कदी बघितला न्हाई. तिला तेवढं दावा."

परी हसली. ते हसू आधी तिच्या ओठांवर आलं, मग पंखांवर, मग दवाच्या एकेका थेंबात. तिनं ती लिंबाएवढी कळी कुंपणाच्या मातीत ठेवली आणि वरून फुंकर घातली. मातीतून कोंब आला, कोंबाची फांदी झाली, फांदीला पोपटी पानं फुटली आणि पानांआड कळ्याच कळ्या डोलू लागल्या.

"यातली फुलं तोडता येणार नाहीत," परी म्हणाली. "हात लावला की मिटतील. बघायचं असेल तर इथे येऊन, थांबून बघावं लागेल. ज्या दुपारी तू दिल्यास, त्यांचाच हा सुगंध आहे. तुझ्या एकटीच्या उपयोगाचा नाही, पण सगळ्यांना पुरेल." आणि बोलता बोलता ती उजळत गेली. आधी पांढरी, मग सोनेरी, मग नुसता प्रकाशच, आणि तो प्रकाश पानापानांवर सांडून विरून गेला.

त्या झुडपाचा वास गावात गेला, आळीत गेला, विहिरीवर गेला. बायका वासामागून मळ्यात येऊ लागल्या. यायच्या झुडूप बघायला, आणि जाताना आईकडचे गजरे घेऊन जायच्या. सगळ्यांत पहिली आली ती सुंदराची आत्या. येताना ती फणकाऱ्यातच होती, पण गजरा मात्र चांगला ठसठशीत निवडून घेतला. आईला आता टोपली घेऊन बाजारला जावं लागेना. दिवेलागणीला ती आपल्या मळ्यात असायची.

एका संध्याकाळी तिघी झुडपापाशी बसल्या होत्या. आकाश केशरी झालं होतं. एक कळी हलली. पहिली पाकळी सुटली, आणि मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. सगूच्या मांडीवर मनू होती आणि सगूला कुठेही जायचं नव्हतं. दुसरी पाकळी सुटली. आईनं तोंडावर पदर धरला होता, तिचे डोळे भरून आले होते.

"तुज्या बानं मोगऱ्याची पयली काडी आनली ती डोईच्या फेट्यात गुंडाळून," आई म्हणाली. "फेटा भिजवला हुता, काडीला ऊन लागू नये म्हनून. सवता उघड्या डोक्यानं चालत आला येवढ्या उन्हात. म्या म्हनलं, येडा हाय का हा मानूस."

सगू एकेक शब्द ऐकत होती. तिनं मध्ये हं म्हटलं नाही. तिला आठवलं, आपणही एकदा एका कळीसाठी उघड्या डोक्यानं उन्हात राहिलो होतो. ते आईला सांगावं असं तिला वाटलं, पण गोष्ट संपायची होती, म्हणून ती थांबली.

फूल पुरतं उमललं तेव्हा अंधारून आलं होतं. मनूचे डोळे पेंगुळले होते. तिला आत नेऊन निजवावं म्हणून आईनं हात पुढे केले.

मनूनं सगूच्या गळ्याला घट्ट मिठी मारली, तोंड तिच्या खांद्यात लपवलं आणि आईला ठणकावून सांगितलं, "नको."